पंख्याची वायर

माझा साखरपुडा मोडायला जितेंद्रची आई, प्रमिलाबाई, आमच्या पाचोऱ्याच्या गॅरेजवरच आल्या. माझ्या ऑइलनं काळ्या झालेल्या हातांकडे बोट दाखवून चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "असा काया हातसनी बहू आमना देवघरमा नही चालस."

आबांनी मान खाली घातली. मी नाही घातली. आमचं घर याच हातांवर चालतं. त्या दिवशी ठरवलं, हे शब्द मी हिला परत देणार.

सात महिन्यांनी त्यांचीच व्हॅन ऑइल बदलायला आली. मागं इंजिन असलेल्या या जुन्या गाड्यांना पाचोरा-भडगावात दुसरं कुणी हात लावत नाही. तिथं बरे काळे हात चालतात. याच व्हॅननं घराला बरकत आली, म्हणून जितेंद्रची वरातही हिच्यातूनच निघणार होती.

ऑइल बदलताना दिसलं, रेडिएटरच्या पंख्याचा स्विच मेलाय. पळत्या गाडीला वारा मिळतो, काही कळत नाही. उभ्या गाडीला मात्र पंखाच लागतो. आणि वरातीत गाडी पळते कुठे? मी गुपचूप ऑइल बदललं आणि व्हॅन देऊन टाकली.

वरात बरोबर आमच्या गॅरेजपुढे अडली. मागून वाफांचे लोट. जितेंद्र फेटा सावरत आला. "मयुरी, गाडी गरम व्हई ऱ्हायनी. देख ना जरा. माय म्हनस, मांडवमा हाईच गाडी जाई."

इंजिन निवेपर्यंत सगळ्यांना अर्धा तास उन्हात उभं केलं. मला फार बरं वाटलं. मग पाणी भरलं, मागच्या सीटमागचं झाकण उघडलं आणि ऑइल-काजळीनं बरबटलेल्या पंख्याच्या दोन वायरी सोलल्या. सीटवर नव्या पैठणीत प्रमिलाबाई.

"काकू, हात आत घाली ह्या दोन्ही वायरी एकत्र धरी बसा. हात सुटना का पंखा बंद."

"दुसरं कोनी धरी ना, मी कसाले?"

"गाडी तुमना घरनी लक्ष्मी शे. घरनाच हात पाहिजे."

त्यांनी धरल्या. मी मुद्दाम मागून चालत गेले.

मांडवाच्या दारात नवी विहीण हळदीकुंकू घेऊन उभी होती. प्रमिलाबाई उतरल्या, हात पुढे केले आणि तशाच थिजल्या. दोन्ही हात मनगटापर्यंत काळे.

"काकू," मी सगळ्यांसमोर विचारलं, "आते देवघरमा कशा जाशात?"

घरी आल्यावर आबा म्हणाले, "पोरी, वायरीसले दोन वेढा टेप मारी देती ना."

टेपचं रीळ सकाळपासून माझ्या खिशातच होतं.