उलटा फिरवलेला ब्लोअर

शनिवारी भर दुपारी डोन्या मिरेयांच्या सलूनमध्ये सहा बायका केसांना रोलर लावून केस वाळवायच्या गरम टोपांखाली शिजत होत्या आणि एसी नुसताच घरघरत होता. त्यामुळे नुरिस शिडी घेऊन आत आली, तशी सगळ्यांनी तिच्यावर तोंडसुख घेतलं.

"गुरुवारी नवी मोटर बसवून गेलात ना गं? मग ही काय हवा म्हणायची?" डोन्या मिरेया कडाडल्या. "माझा नवरा झोपेत याहून जोरात फुंकतो!"

मागून फाउस्तो हत्यारांची पेटी घेऊन आला आणि गुपचूप कोपऱ्यात उभा राहिला. मोटर त्यानेच बसवली होती. नुरिस तेव्हा गच्चीवर गॅस तपासत होती. तीन वर्षं दोघं मिळून सान्तो दोमिंगोभर एसी दुरुस्त करत हिंडत होती, आणि तीन वर्षं नुरिसचा जीव त्याच्यात अडकला होता. ती बोलली नव्हती. तो तर मुलखाचा घुम्या. सोमवारपासून तो दूर पुंता काना या गावातल्या एका हॉटेलात कायमचा नोकरीला जाणार होता. गुरुवारचं काम शेवटचं, म्हणून तिने घरी जाऊन भांड्यांवर राग काढला होता. आज तक्रारीचा फोन आला तेव्हा मात्र ती स्वयंपाकघरात चक्क नाचली होती.

शिडीवर चढून तिने झाकण उघडलं. ब्लोअरचं चाक उलटं फिरत होतं. ही चाकं मोठी लबाड. उलटी फिरली तरी हवा पुढेच फेकतात, फक्त जोर जातो, त्यामुळे नवशिके हमखास फसतात. पण फाउस्तो? जुनी मोटर काढण्याआधी चाकाच्या दिशेचा बाण खडूने काढून ठेवणारा फाउस्तो? बाण होता की तिथे. ठसठशीत आणि अगदी बरोबर.

"बाण तूच काढलास ना रे?"

"हो."

"मग मोटर उलटी कशी?"

"चुकलं असेल."

"तुझं? कॉफीत साखरसुद्धा सपाट चमचा करून घालतोस तू!"

फाउस्तोने पेटीची कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

नुरिसने वीज बंद केली, मोटरच्या दोन तारांची छोटी जोडणी उपटली, उलटी करून खोचली आणि वीज सुरू केली. बस्स, एवढंच काम. घोंऽऽ करून असा वारा सुटला की मासिकांची पानं फडफडली, जमिनीवरचे कापलेले केस उडाले आणि बायका आनंदाने किंचाळल्या. त्या गोंधळात नुरिसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती शिडीवरच खदखदून हसायला लागली.

"मुद्दाम केलंस तू!"

एकेका बाईने आपापला टोप बंद केला. ऐकू यायला हवं ना.

"उलटी बसवली की दोन दिवसांत बोलावणं येणार, हे माहीत होतं," फाउस्तो पेटीकडे बघत पुटपुटला. "तुझ्याबरोबर आणखी एक दिवस हवा होता मला."

"अरे मेल्या, त्यासाठी माझ्या सलूनची भट्टी केलीस?" डोन्या मिरेया ओरडल्या. सहाही जणींनी त्यांना गप्प केलं.

नुरिस खाली उतरली. हसू काही केल्या आवरत नव्हतं. ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"एकच?" तिने विचारलं.