तिसरी डिव्हिजन

बझर वाजला तेव्हा गुणफलकावर आकडे होते ९४ आणि ११. अकरातले नऊ गुण एकट्या ओवीचे. टेबलाशी बसून गुण लिहिणाऱ्या सुरेखाने मान वर न करताच ओळखलं, समोरच्या बाकावर बसलेले प्रांताच्या संघाच्या निवड समितीचे दोघे ओवीबद्दलच बोलताहेत.

सुरेखा पापाकुऱ्यातल्या एका लहानशा शाळेत क्लार्क होती. नागपूर सोडून परदेशात येऊन चौदा वर्षं झाली होती. खेळांचं काम कुणी घेईना, म्हणून ते तिच्या गळ्यात पडलं होतं. तिने स्वतः आयुष्यात कधी बास्केटबॉल हातात धरला नव्हता. आता मात्र दर शनिवारी ती शाळेच्या मुलींना व्हॅनमधून सामन्यांना न्यायची. तिची सोळा वर्षांची मुलगी ओवी त्याच टीमची कॅप्टन होती.

टीममधली आरोहा बुटांच्या नाड्या सोडत म्हणाली, "मिस, पुढच्या आठवड्यापासून मी नाही येणार."

"हरलो म्हणून?"

"हरायचं काही नाही. पण समोरच्या टीमच्या आया आमच्यासाठी टाळ्या वाजवतात ना, बिचाऱ्या म्हणून... ते नको वाटतं."

टीममध्ये सहाच मुली उरल्या होत्या.

मंगळवारी शाळांच्या प्रतिनिधींची बैठक होती. शाळांच्या स्पर्धेत ताकदीप्रमाणे पाडलेल्या दोन डिव्हिजन होत्याच. लहान शाळांसाठी तिसरी काढायची का, यावर मत द्यायचं होतं. मुख्याध्यापकांनी सुरेखालाच सांगितलं, "मुलींना तुम्ही ओळखता. तुम्हीच ठरवा."

"तू नो म्हणणार ना?" गाडीत ओवीने इंग्रजीतून विचारलं. "सिलेक्टर्स तिसऱ्या डिव्हिजनला येणारच नाहीत, आई. मला कोण बघणार?"

"आणि बाकीच्या मुली?"

ओवीने कानात इअरफोन घातले.

घरी तिच्या नवऱ्याने, विवेकने, सगळं ऐकून घेतलं. "एकदा तरी आपल्या पोरीचा विचार कर," तो म्हणाला. "सगळ्या शाळेची आई होऊन बसलीयेस तू."

रविवार-सोमवार सुरेखाला कशातच चैन पडेना. पुसलेली कपाटं तिने पुन्हा पुसली. पोळी तव्यावर टाकून विसरली. मंगळवारी ती तासभर आधीच पोचली आणि पार्किंगमध्ये फेऱ्या मारत राहिली. हो म्हणायचं की नाही, हे शेवटच्या फेरीपर्यंत तिला ठरवता आलं नाही.

बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, "दुबळ्यांना वेगळं काढलं की ते दुबळेच राहतात." त्यात तथ्य होतं. सुरेखा बोलायला उठली. "आमच्या मुली दुबळ्या नाहीत. त्यांना एकदा तरी शेवटच्या मिनिटापर्यंत खेळायचंय, कोण जिंकणार हे माहीत नसताना." एवढंच बोलून ती खाली बसली. मग तिने हात वर केला.

सात विरुद्ध चार. ठराव मंजूर झाला.

कुणी कसं मत दिलं, ते ईमेलवर सगळ्या शाळांना आलं. विवेक म्हणाला, "तुझं मत नसतं तरी तो मंजूर झालाच असता. मग निदान ओवीसाठी तरी..." दुसऱ्या दिवशी ओवीने टीम सोडली आणि बॉटनी डाउन्स उपनगरातल्या एका मोठ्या क्लबात नाव घातलं. विवेक तिला दर शनिवारी नेऊ लागला.

नव्या डिव्हिजनचा पहिला सामना आला. आरोहा परत आली होती, दोन नव्या मुलीही आल्या होत्या. शेवटच्या मिनिटाला आकडे सारखे होते. सुरेखा पेन हातात धरूनच उभी राहिली. आरोहाचा बॉल रिंगवर दोनदा आपटून आत पडला, आणि मुलींनी असा काही गलका केला की रेफरीही हसला. २९-२७.

"ओवीची मॅच आहे ना आज?" आरोहाने धापा टाकत विचारलं. "जा ना मिस. व्हॅन माझे बाबा नेतील, ते आलेत."

सुरेखा बॉटनी डाउन्सला पोचली तेव्हा शेवटची दहा मिनिटं उरली होती. दारातूनच तिने कोर्टावर नजर फिरवली. ओवी नव्हती. मग ती दिसली, राखीव मुलींच्या बाकावर, अगदी टोकाला. अंगातल्या कपड्यांना घामाचा डाग नव्हता. कुणी बाहेर आलं की ती उठून पाण्याची बाटली पुढे करायची आणि पुन्हा बसायची. विवेक वरच्या रांगेत मान खाली घालून फोन बघत होता.

ओवीने दाराकडे मान वळवली, तशी सुरेखा पटकन मागे सरली. मुलीने आपल्याला बघू नये, एवढंच तिला कळलं. ती गाडीत बसली आणि निघून आली.

दुपारी दोघं परतले.

"कशी झाली गं मॅच?"

"गुड," ओवी म्हणाली. "हीप्स ऑफ कोर्ट टाइम. खूप वेळ खेळले."

विवेक हात धुवायला आत गेला. सुरेखाने ओवीच्या ताटात गरम पोळी वाढली आणि म्हणाली, "दमली असशील. नीट जेव."