फटीतले हात

साहेबांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्यांनी अर्जाच्या खिडकीला काळा कागद लावला. खाली वीतभर फट उरली. आतल्या बाईंनी त्या कोंदट खोलीत चार वर्षं नुसते हात बघत काढली. एकाच्या एकाच नखाला रंग, तर दुसऱ्याच्या मनगटावर ऐटीत बसलेला लाल किडा! घरी नवऱ्याला हे रंगवून सांगताना बाईंना हसू आवरत नसे.

आज एका हाताने डबा सरकवला. करंगळी वाकडी, अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग. बाईंना गंमत वाटली.

"डबा नको, अर्ज द्या!" त्या खेकसल्या.

"अगं, घरी विसरलीस तो," बाहेरून नवरा म्हणाला.

तो अंगठा कधी भाजला, बाईंना काही केल्या आठवेना.