सलगम गोड होईपर्यंत

"ओट्स पेर," माझा नवरा डेलमर ऑगस्टपासून माझ्या मागे लागला होता. "हरणं कोंब फुटल्यापासून खातात. तुझे सलगम नखरेल. कडक हिम पडल्याशिवाय त्यांचा पाला गोड होत नाही."

"मग पडेल की हिम! मिसुरीत नोव्हेंबर कधी चुकलाय?"

शिकारीसाठी हरणं बंदुकीच्या टप्प्यात यावीत म्हणून रानाला लागून असलेल्या अर्ध्या एकरात मी हट्टाने सलगमच पेरले. आणि नेमका यंदा नोव्हेंबर चुकला. बंदुकीने हरणं मारायचा हंगाम अकरा दिवसांचा. त्यातले दहा आम्ही घाम पुसण्यात घालवले. आमच्या हिरव्यागार पाल्याकडे ढुंकूनही न बघता हरणं कुंपणापलीकडे, शेजारी लीलंडच्या ओट्सवर जायची. तिकडून बार ऐकू आला की डेलमर नुसती बंदूक पुसत बसायचा. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

कारण हे त्याचं शिकारीचं शेवटचं वर्ष होतं. डोळ्याच्या पडद्याचा आजार. वसंतापर्यंत समोरचं दिसेनासं होईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं. चव्वेचाळीस हंगामांत एकदाही तो रिकाम्या हाताने परतला नव्हता. आता माझ्या शहाणपणापायी शेवटचा वाया जाणार होता.

अकराव्या सकाळी खिडक्यांच्या काचा हिमाने पांढऱ्या दिसल्या. शिकाऱ्यांना सक्तीची नारिंगी जॅकेटं चढवून आम्ही शेताकडेच्या लाकडी खोपटात जाऊन बसलो. उजाडताच दोन माद्या आल्या. एकीने पान तोडलं, चावलं, लगेच दुसरं तोडलं. मला रडूच फुटायचं बाकी होतं. मग त्यांच्यामागून एक थोराड नर पाल्यात उतरला.

"डेल, नर आलाय. साठ पावलांवर," मी कुजबुजले.

"दिसतोय गं मला. तू गप्प बस."

त्याने बंदूक खांद्याला लावली. मी नळीच्या रोखाने पाहिलं. नर डावीकडे चरत होता. नळी उजवीकडे ओकच्या बुंध्यावर रोखलेली होती, आणि त्या बुंध्यामागूनच लीलंडची पायवाट जायची.

"डेल, चापावरून बोट काढ. तो बुंधा आहे."

त्याने हळूच बोट काढलं.

"कधीपासून दिसत नाही?" मी विचारलं.

"सप्टेंबरपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस, लबाडा?"

"सांगितलं असतं तर इथे येऊ दिलं असतंस?"

त्याने बंदुकीचा सुरक्षा-खटका लावला आणि ती माझ्या मांडीवर ठेवली. "परवाना तुझ्याकडेही आहे. मार. पुढच्या पायाच्या मागे, जरा खाली धर."

इतकी वर्षं मी त्याच्यासोबत नुसती कॉफी घेऊन बसत आले होते. सुरक्षा-खटका उघडून मी बंदूक खांद्याला लावली. त्याच्या तोंडचा घास मीच हिसकावतेय असं वाटत होतं. तो माझ्या कानाशी पुटपुटत राहिला, "घाई नको. श्वास सोड. आता."

बार झाला. नर दोन उड्या मारून सलगमातच कोसळला.

"पडला?"

"पडला, डेल."

"पाहिलं मी," तो म्हणाला. तो अजून बुंध्याकडेच बघत होता.

"हो," मी म्हटलं, "पाहिलंस."