दोन बाटल्या

कोरणी घसरली आणि पितळेच्या पाटीवर अक्षराबाहेर बारीक ओरखडा उमटला. कोरीव काम करणाऱ्याने तो अंगठ्याने पुसून पाहिला. पुसला जाणारा नव्हता. चष्मा काढून त्याने चुरचुरणारे डोळे घट्ट मिटले. आठवड्यातली ही तिसरी बिघडलेली पाटी.

त्याचे वडीलही हेच काम करत. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना आधी अंधारात दिसेनासं झालं, मग उजेडातही. याला परवाच पंचेचाळिसावं लागलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी धाकट्या बहिणीने गोळ्यांची बाटली पुढ्यात आणून ठेवली होती. ती शहरात बस चालवायची आणि घरातही सगळ्यांना हाकायची.

“घे, दादा. अ जीवनसत्त्व आहे, जस्त आहे. डोळ्यांना आराम पडेल.”

त्याने गोळ्या घेतल्या, मुकाट गाजरं आणि पालेभाज्या खाल्ल्या. डोळे थकायचे ते थकतच राहिले. शेवटी बहिणीनेच ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी थेंब घातले आणि डोळ्यात प्रखर उजेड सोडला. त्याने खुर्चीचे हात इतके आवळले की बोटं पांढरी पडली. बाईंनी दोन्ही डोळे आलटूनपालटून तपासले.

“पडदा ठणठणीत आहे,” त्या अखेर म्हणाल्या. “डोळे थकलेत, कोरडे पडलेत. चष्म्याचा नंबरही वाढलाय. काम करताना अधूनमधून लांब बघत जा.”

“म्हणजे वडिलांसारखं...?”

“तसं काही दिसत नाही.”

“आणि या गोळ्या?”

“शरीरात कमतरता असेल तर उपयोग. तुमच्या थकव्याला विश्रांतीच हवी.”

तो मोठ्याने हसला. “ऐकलंस? दोन महिने घोड्यासारखी गाजरं चारलीस मला!”

बहीण हसली नाही.

“रोज तीन-तीन घेतल्या तर लवकर गुण येतो का?” तिने बाईंना विचारलं.

“मी कुठे तीन घेतो?”

“मी घेते, दादा. मी दोन बाटल्या आणल्या होत्या.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला काय होतंय?”

“दिवेलागणीला थांब्यावरची माणसं दिसत नाहीत. गाडी अगदी जवळ गेली की एकदम समोर येतात. काल एक बाई थोडक्यात वाचली. कडेवर मूल होतं.”

“गोळ्या आजपासून बंद. जास्त झाल्या तर अपाय करतात. आधी रक्त तपासू, पडदा बघू. कमतरता निघाली तर बरं होण्यासारखं आहे.”

“आणि नाही निघाली तर?”

बाईंनी तपासणीची खुर्ची तिच्याकडे वळवली.

“संध्याकाळी पाचला माझी ड्यूटी आहे,” बहीण जागची न हलता म्हणाली.

त्याने खिशातून फोन काढला. “डेपोचा नंबर सांग.”

ती एकेक आकडा सांगू लागली. थेंबांमुळे त्याला जवळचं काहीच धड दिसत नव्हतं. फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून तो अंदाजाने आकडे दाबत राहिला.