आंतरराष्ट्रीय खोली

मी एकदा काठमांडूला गेले होते. आईबरोबर, पशुपतिनाथाच्या दर्शनाला, यात्रा कंपनीच्या बसमधून. पासपोर्टसुद्धा लागला नव्हता. पण आष्टी तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात परदेश पाहिलेली मी एकटीच निघाले, म्हणून प्राचार्यांनी मला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाची समन्वयक करून टाकलं. मी तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते, वर मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. दरवर्षी जूनमध्ये माझी ऑर्डर निघेल की नाही, याचा घोर असतो. त्यामुळे कुठल्याच कामाला मी नाही म्हणत नाही.

नव्या धोरणात म्हटलंय की परदेशी विद्यार्थ्यांनी आपल्याकडे शिकायला यावं, त्यांच्यासाठी कॉलेजात कक्ष असावा. त्यात वाईट काहीच नाही. पण डिसेंबरात मूल्यांकन समिती येणार म्हटल्यावर संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह दादासाहेब यांना ते धोरण एकदम पाठ झालं. "आपल्याकडं फॉरेनचा विद्यार्थी पाहिजे," ते म्हणाले. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं त्या गावात फॉरेनहून कोण मरायला येणार, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. उत्तर त्यांच्या घरातच होतं. थोरला मुलगा राम मेलबर्नला स्थायिक झालेला. त्याची मुलगी प्रियदर्शनी सुट्टीत आजोबांकडे येणारच होती. जन्म तिकडचा, पासपोर्ट तिकडचा. 'भारतीय ग्रामीण जीवन' नावाचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम आम्ही दोन दिवसांत पाडला आणि रजिस्टरला नोंद केली : विद्यार्थिनी एक, देश ऑस्ट्रेलिया.

विद्यार्थिनी आली म्हणजे तिला खोली आली. वसतिगृहाच्या सहाही खोल्या गच्च भरलेल्या. चार नंबरला लागून बाथरूम होतं, म्हणून तिच्यावर कुऱ्हाड पडली. तिथल्या चौघींना दिवाळीनंतर परत घ्यायचं नाही, असं मला सांगण्यात आलं. तिघींची गावं एसटीच्या रस्त्यावर होती, त्या जाऊन-येऊन शिकतील. चौथी बबिता.

बबिताचं गाव कागदावर आहे, पण तिथल्या घराला दिवाळीनंतर कुलूप लागतं. बाप धुळाजी दीडशे मेंढरं घेऊन घाटाखाली उतरतो तो थेट आखाडात परततो. बिऱ्हाड घोड्यावर, बायकापोरं बरोबर. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला ही मुलगी वर्गात पहिली होती. तिच्या आईनं, सत्यभामानं, आपल्या भावाला शब्द देऊन ठेवला होता. वसतिगृहात जागा आहे तोवर पोरगी शिकेल, जागा गेली की तुझ्या मुलाशी लग्न. एक पलंग होता म्हणून तिचं शिक्षण चालू होतं.

सुट्टी संपल्यावर धुळाजी तिची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आला. खोलीत तेव्हा कमोड बसवणं चालू होतं.

"म्याडम, कावून काढलं पोरीला? काय चुकलं तिचं?"

"तिचं काही चुकलं नाही. परदेशी पाहुणी यायचीय. समिती येऊन गेली की खोली परत मिळेल."

"पक्कं?"

"पक्कं," मी म्हणाले. मला तसं कुणीही सांगितलं नव्हतं.

"मंग थांबतो आमी. तवर हितंच शिवारात पाल टाकून ऱ्हातो. पोरीला यकटी कुटं ठिवू?"

जिन्याखाली माझी एका कॉटची खोली होती. खाली गादी टाकली असती तर बबिता आरामात मावली असती. माझ्या मनात आलंही होतं. पण नियमात बसत नाही, दादासाहेबांच्या कानावर कुणी घातलं तर काय, असं स्वतःला समजावत मी गप्प बसले. सरळ सांगायचं तर मी घाबरले.

तेवढ्यात प्राचार्यांना समितीपुढे लोककला दाखवायची हुक्की आली. गजी ढोलाला, म्हणजे ढोलाच्या तालावरच्या धनगरी नाचाला, धुळाजी आणि त्याच्या भाऊबंदांचं नाव मीच सुचवलं. तो हरखला. दादासाहेबांची मर्जी बसेल, असं त्याला वाटलं. समितीची तारीख दोनदा पुढे गेली. बाकीचे कळप कधीच निघून गेले होते आणि धुळाजीची मेंढरं चरून संपलेल्या रानात तीन आठवडे काड्या चावत उभी होती. बबिता पालावरून पाच किलोमीटर चालत तासाला यायची. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आठ कोकरं गेली, मॅडम." आणि लगेच प्रॅक्टिकलच्या तारखा विचारायला लागली.

अखेर समिती आली. प्रियदर्शनीला चार नंबरच्या पलंगावर पुस्तक घेऊन बसवलं होतं. आजोबांचा बंगला खिडकीतून दिसत होता आणि त्या पलंगावर ती एक रात्रही झोपली नव्हती. शिकवल्याप्रमाणे ती इंग्रजीत गोड बोलली. समिती ढोल बघायला बाहेर गेली तशी मात्र उठली. पलंगाजवळच्या भिंतीवर पेन्सिलीनं अभ्यासाचं वेळापत्रक लिहिलेलं होतं, खाली बबिताचं नाव. त्यावर बोट ठेवून तिनं स्वच्छ मराठीत विचारलं, "मॅडम, ही बबिता कुठंय? माझ्यामुळं गेली का?"

पोर वाईट नव्हती. "नाही गं," मी म्हणाले, "ती घरूनच येते."

बाहेर बबिताचा बाप घामाघूम होऊन नाचत होता. समितीतले एक गृहस्थ मोबाईलवर त्याचं शूटिंग घेत होते.

जाताना समितीनं अहवाल वाचून दाखवला. आंतरराष्ट्रीय खोलीचं खास कौतुक होतं, ही सुविधा कायम ठेवा म्हणून. दादासाहेब खूश. मी भीतभीत बबिताचा विषय काढला तर म्हणाले, "पुढची समिती येईपर्यंत ती खोली फॉरेनचीच. पण रिकामी राहिली तर खराब होईल. तुम्ही समन्वयक ना? तुम्हीच राहा तिथं. गीझर पण आहे." मी त्यांचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी धुळाजी पेटी घेऊन दारात हजर. इतक्यात जमणार नाही, संक्रांतीनंतर बघू, असं मी सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुमी जबान दिलती, म्याडम," एवढंच म्हणाला आणि पेटी परत डोक्यावर घेतली. बबितानं लायब्ररीची पुस्तकं माझ्या टेबलावर ठेवली आणि त्याच्या मागोमाग निघाली. वळून पाहिलं नाही. तिनं तरी माझ्याकडे कशाला पाहायचं?

माघात एका दुपारी फोन आला. मी चार नंबरमध्ये पलंगावर पडले होते.

"म्याडम, धुळाजी बोलतोय, घाटाखालून. खोली रिकामी झाली का? मेव्हना लई घाई कराया लागलाय. मी म्हनलं, एकडाव म्याडमला इचारतो."

"नाही हो. भरलेली आहे."

"फॉरेनचंच हाय का कोनी?"

"हो," मी म्हणाले.

पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता.

"बरं. मंग तारीख धरतो," तो म्हणाला. "तुमी या लग्नाला. पोरगी म्हनतीय, कोनाला न्हाई तरी म्याडमला बोलवा."