बबिताचं बोलणं

पाटोद्याजवळच्या वस्तीवर त्या सकाळी सोमनाथ मेंढ्या मोकळ्या करत होता आणि त्याची बायको बबिता चुलीपुढे भाकरी थापत होती. तिच्या छातीचं हाड ऑपरेशननंतर अजून पुरतं जुळलं नव्हतं. दर थापेला कळ उठायची. संभाजीनगरच्या दवाखान्यात तिच्या हृदयाची झडप बदलली होती. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, "ऑपरेशननंतर ठोक्यांची लय बिघडू शकते. ती बिघडू नये, रक्ताची गाठ होऊ नये, म्हणून या गोळ्या. एकही चुकवू नकोस. धडधड सुटली तर तडक ये."

बबिताने एकही गोळी चुकवली नव्हती. पण सासरा बंकट देवरुष्याला विचारून आला. ऑपरेशनचं लोखंड अंगाला लागलेल्या बाईला बाहेरची बाधा होते, पोटात औषध असेपर्यंत ती निघत नाही, असं देवरुषी म्हणाला. त्याच दिवशी बंकटने गोळ्यांची पिशवी चुलीत घातली. त्याला आता आठवडा होत आला होता.

भाकरी तव्यात पडली आणि बबिताचा हात छातीवर गेला.

"आत्या, ठोके चुकायलेत," ती सासूला म्हणाली. "मला दवाखान्यात न्या."

सासू चतुराबाई उठली. पण बंकटने तिला हाताने थांबवलं आणि देवरुष्याला बोलावणं धाडलं.

तो आला तो चाबूक घेऊनच. बबिताला अंगणात बसवलं. चतुराबाईला तिचे केस धरायला लावले.

"कावून धरलंस हिला? कुठलं हायेस?" देवरुष्याने विचारलं.

"मी बबिता हाय," ती धापा टाकत म्हणाली. "मला कुणी धरलं न्हाई. गोळ्या बंद झाल्या म्हणून असं व्हायलंय. गोळ्या द्या."

"बघा. औषध मागायलंय. भ्यालंय ते."

चाबूक पाठीवर बसला. लुगडं फाटलं, मग कातडी. ती कळवळून मागे झुकली तसा पुढचा फटका छातीवर, टाक्यांवर आला. पोलक्यावर रक्त पसरत गेलं.

"बाबा, टाके उसवायलेत," सोमनाथ पुढे होत म्हणाला.

"गप बे," बंकटने त्याला ढकललं. "ती न्हाई, आतलं वरडायलंय."

बबिता सासूकडे बघून म्हणाली, "आत्या, मीच हाय." चतुराबाईची मूठ सैल पडली नाही. चाबूक पडत राहिला. मग एकाएकी बबिताचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात लोंबला, आणि "गो... गो..." एवढंच तिच्या तोंडून फुटलं.

देवरुष्याने घाम पुसला. "निघालं," तो म्हणाला.

चतुराबाईने केस सोडले, सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिचा वाकडा झालेला चेहरा पाहिला. "काय निघालं? पोर मरायलीय. सोमनाथ, गाडी बोलाव."

बंकटने तिच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला. तरी तिने बबिताचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

सोमनाथने गाडी आणली. दवाखान्यात ठोके ताळ्यावर आले. जीव वाचला. पण गाठ मेंदूत जाऊन बसली होती. उजवं अंग गेलं, वाचा गेली. हे सारं टळलं असतं, असं डॉक्टरीणबाई सोमनाथला म्हणाल्या.

जबाब घ्यायला फौजदार आले. खाटेवरून बबिता नुसती बघत होती.

"आई, बाबाचं नाव नको घेऊ," सोमनाथ हळूच म्हणाला.

"घेणार," चतुराबाई म्हणाली. "देवरुष्याचं बी. साहेब, माझं बी नाव लिवा. केस म्या धरले होते."

"बाई, तुमच्यावरही गुन्हा दाखल होईल."

"होऊ द्या. ती बोलत होती तवा आमी म्हनलो, दुसरंच कुनी बोलायलंय. आता तिला बोलता येत न्हाई. कोर्टात म्या बोलन, वस्तीवर बी बोलन. लिवा."